समीकरण दडलेले असते विभक्तीत

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण 50 हजार लिटर, म्हणजे एका खेपेला 5 लाख लिटर पाणी. पुढे 50 वाघिणींची गाडी येऊ लागली आणि आकडा 25 लाखांवर गेला. हा हिशेब तहानलेल्या शहराला कोणाला समजावून सांगावा लागला नाही. पण ‘दर वाघिणीमागे 50,000 लिटर पाणी असेल, तर वाघिणी व आणि पाणी प यांचा संबंध समीकरणात मांडा’, असे म्हटले की 50000प = व असे लिहून टाकण्याचा मोह होतो. तसे लिहिणाऱ्याला गुणाकार येत असतो, गडबड वाचताना झालेली असते. शाब्दिक उदाहरणातले खरे गणित मांडणीत आहे, सोडवणे ही पुढची हमाली. आणि मराठीतून शिकणाऱ्या मुलाला मांडणीची किल्ली व्याकरणाच्या तासाला आधीच मिळालेली असते. गणिताच्या तासाला ती खिशातून काढायला कोणी सांगत नाही.

हा मोह फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारले : विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत, समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून अधिक मुले चुकली, आणि बहुतेकांनी सहाचा आकडा विद्यार्थ्यांच्याच अक्षराला चिकटवला. शब्द ज्या क्रमाने कानावर पडतात त्याच क्रमाने चिन्हे कागदावर उतरवली की असे होते. इंग्रजीत क्रमावर पुष्कळ काही अवलंबून असते. मराठीत शब्द पुढेमागे झाले तरी प्रत्यय किंवा प्रत्ययासारखे लागणारे शब्दयोगी अव्यय आपली जागा सोडत नाही. ‘प्राध्यापकांच्या सहापट’ यात ‘च्या’ प्राध्यापकांना लागला आहे, म्हणून गुणायचे प्राध्यापकांना. ‘वाघिणीमागे 50 हजार लिटर’ यात ‘मागे’ वाघिणीला लागला आहे, म्हणून गुणायचे वाघिणींना : प = 50000व. आकडा लिटरला खेटून उभा असतो म्हणून फसगत होते. प्रत्यय पाहणारा फसत नाही. वजाबाकीचेही तसेच. ‘वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा 4 ने कमी आहे.’ इथे ‘पेक्षा’ लागलेल्यातून ‘ने’ लागलेले काढायचे. मुलाचे वय क्ष मानले तर वडिलांचे 3क्ष – 4. दोघांच्या वयांची बेरीज 52 असेल, तर 4क्ष – 4 = 52; मुलगा 14 वर्षांचा, वडील 38 वर्षांचे. उत्तराला दोन ओळी लागल्या. सगळी कसोटी ‘पेक्षा’ आणि ‘ने’ यांच्यापाशी होती.

मराठवाड्याला हा विषय परका नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ रचले. अज्ञात राशीला त्यांनी ‘यावत्तावत्’ म्हटले आणि आणखी राशी लागल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. या दोन्ही ग्रंथांवर सोळाव्या शतकात टीका लिहिणारा सूर्यदास गोदाकाठच्या पार्थपूरचा, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा.

मांडणीच्या या आग्रहावर लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून येणारा आक्षेप रोखठोक असतो : वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न, तिथे क्ष मानत कोण बसणार? पर्याय घालून पाहावा, जमला तो खरा. या युक्तीला नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण तिची थोरली बहीण ‘लीलावती’तच आहे. तिचे नाव इष्टकर्म. कमळांच्या राशीतला तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा भाग वेगवेगळ्या देवतांना वाहिला, उरलेली सहा कमळे गुरूंना दिली, तर एकूण कमळे किती? मनाला येईल तो आकडा धरा, समजा 60. त्यातून 20, 12, 10 आणि 15 गेली, उरली 3. उरायला हवी होती 6, म्हणून 60 ची दुप्पट, 120. सुरेख! पण हीच रीत बापलेकांच्या वयांना लावून पाहा. मुलगा 10 वर्षांचा धरला तर वडील 26 आणि बेरीज 36; त्या प्रमाणात 52 साठी मुलाचे वय साडेचौदाच्या आसपास येते, आणि ते चूक आहे. कमळांत सगळे भाग मूळ राशीचेच होते. वयांत ‘4 ने कमी’ हा सुटा आकडा घुसला आणि प्रमाण मोडले. युक्ती कुठे चालेल आणि कुठे नाही, हे मांडणी केल्याशिवाय कळत नाही. पर्याय घालून पाहायचा तरी तो कशात घालायचा, हे आधी ठरवावेच लागते.

दुसरा आक्षेप असा, की ही उदाहरणे खोटी असतात. बापाचे वय असे आडवळणाने कोण सांगतो? कमळेही कोणी अशी मोजली नव्हती. पण तालमीतल्या मातीत शेती होत नाही, म्हणून तालीम निरुपयोगी ठरत नाही. दर क्विंटलमागे अडत, दर हेक्टरी बियाणे, दर माणशी पाणी हे सगळे हिशेब ‘मागे’ आणि ‘दर’वरच चालतात. म्हणून दहावीच्या वर्गात रोज अशी पाच उदाहरणे द्यावीत, ज्यांचे उत्तर काढायला मनाई आहे. प्रत्यय कोणाला लागला त्याखाली रेघ मारायची, समीकरण लिहायचे आणि वही मिटायची.