पायथनमध्ये लिस्ट आणि ॲरे: कॉपी कधी होते, कधी होत नाही?

लिस्ट पायथनमध्ये मुळातच असते, तर ॲरे बहुतेक जण नमपाय लायब्ररीतला वापरतात. चौकोनी कंस दोघांनाही, मोजणी दोघांचीही शून्यापासून. त्यामुळे दोन्ही सारखेच वागणार, असं गृहीत धरलं जातं. मग एका ठिकाणी आकडा बदलला की दुसरीकडचा हिशेब बिघडतो, आणि एरर येत नसल्याने चूक लक्षातही येत नाही.

गैरसमज १: बरोबरचं चिन्ह वापरलं की कॉपी होते.
वस्तुस्थिती: होत नाही. समजा, ‘गुण’ या लिस्टमध्ये ७२, ६५, ८० आहेत. ‘नवे = गुण’ लिहिलं तरी मेमरीत लिस्ट एकच राहते, तिला नावं दोन होतात. ‘नवे’मधला पहिला आकडा ९० केला की ‘गुण’ छापल्यावरही ९० दिसतो. ॲरेचंही तसंच. फंक्शनला लिस्ट दिली तरी आत पोहोचते ती मूळचीच.

गैरसमज २: स्लाइस घेतला की स्वतंत्र कॉपी मिळते.
वस्तुस्थिती: लिस्टसाठी हे खरं आहे, ॲरेसाठी नाही. लिस्टचा स्लाइस म्हणजे नवी लिस्ट. ॲरेचा स्लाइस म्हणजे ‘व्ह्यू’, त्याची मेमरी मूळ ॲरेचीच. स्लाइसमध्ये शून्य भरलं की मूळ ॲरेतही शून्य. लाखो आकडे दर वेळी कॉपी करायला लागू नयेत, म्हणून ही सोय मुद्दाम ठेवली आहे. पण तिची किंमतही आहे. प्रत्येकी ८ बाइटचे १० लाख आकडे म्हणजे सुमारे ८ एमबी. त्यातल्या १० आकड्यांचा स्लाइस जपून ठेवला, तर अख्खे ८ एमबी अडकून राहतात. अशा वेळी स्लाइसवर ‘कॉपी’ मेथड वापरावी.

गैरसमज ३: ॲरेतून काहीही निवडलं तरी व्ह्यूच मिळतो.
वस्तुस्थिती: क्रमांकांची यादी देऊन किंवा ‘५०पेक्षा जास्त’ अशी अट घालून निवडलेले आकडे नव्या नावाखाली ठेवले, तर ती कॉपी असते. त्यात केलेला बदल मूळ ॲरेपर्यंत जात नाही.

गैरसमज ४: लिस्टची कॉपी केली की आतलं सगळं वेगळं होतं.
वस्तुस्थिती: लिस्टमध्ये वस्तू नसतात, वस्तूंचे रेफरन्स असतात, साध्या कॉपीत तेवढेच उतरतात. तीन शून्यांची ओळ दुसऱ्या लिस्टमध्ये ठेवून त्या लिस्टला ३ने गुणलं, तर दिसतात तीन ओळी, पण असते एकच. एका ओळीत १ लिहा, तिन्हींत १ येतो. ओळी लूपमध्ये वेगवेगळ्या बनवाव्यात. आधीच बनलेल्या लिस्टच्या पूर्ण कॉपीसाठी ‘डीपकॉपी’ आहे. आकड्यांच्या ॲरेत मात्र आकडे थेट मेमरीत सलग असतात, म्हणून तिथे साधी ‘कॉपी’ पुरते.

गैरसमज ५: ‘इज’ने तपासलं की खात्री होते.
वस्तुस्थिती: दोन नावं एकाच लिस्टची आहेत का, हे ‘इज’ अचूक सांगतं. पण ॲरे आणि त्याचा व्ह्यू या दोन वेगळ्या वस्तू, त्यामुळे मेमरी एकच असूनही उत्तर ‘फॉल्स’ येतं. ॲरेच्या बाबतीत शंका आली, तर नमपायचं ‘शेअर्स मेमरी’ हे फंक्शन वापरावं आणि मगच आकड्यांना हात लावावा.