शिंपल्यांची तावदानं

गोव्यातल्या जुन्या घरांबद्दल लिहिताना शिंपल्यांच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाचं वर्णन हमखास केलं जातं. उजेड आहेच तसा, दुधाळ आणि निवांत. पण अशी खिडकी लावून घ्यावी, तिच्याजवळ उभं राहावं आणि नजर तावदानावरून काढून त्याच्या कडेवर न्यावी. शिंपला लाकडाला जिथे भेटतो ती जागा बघावी. तिथे शिंपल्यात खिळा मारलेला नाही, सरस लावलेला नाही, लांबी भरलेली नाही. बोटाने हलकेच दाबलं तर शिंपला किंचित हलतो. असा सैल बसलेला हा पातळ चकत्यांचा पडदा कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्यांचे पावसाळे सोसून जागच्या जागी आहे. भिंतीतल्या मोकळ्या जागेत नाजूक वस्तू कशी बसवावी, याचं इतकं विचारपूर्वक दिलेलं उत्तर मी क्वचितच पाहिलं आहे.

शिंपला ‘प्लॅकुना प्लॅसेंटा’ या प्राण्याचा. कोकणीत त्याला मेंडियो म्हणतात, आणि गोव्यात तो आवडीने खाल्लाही जातो. उथळ खाडीत, मऊ चिखलावर तो आडवा पडून वाढतो. गोव्यात जुवारीच्या मुखाकडचा चिखली आणि नावशीचा भाग त्याच्यासाठी प्रसिद्ध. भारतात कच्छच्या आखातात आणि काकिनाड्याच्या उपसागरातही त्याची वस्ती आहे. काकिनाड्याला तर त्याचे ढीग भट्टीत घालून चुना भाजत. बहुतेक शिंपल्यांना खोलगट पोट असतं. याची दोन्ही झाकणं मात्र जवळजवळ सपाट असतात, जाडीला अगदी पातळ आणि आरपार उजेड सोडणारी. पूर्ण वाढीचा शिंपला पंधरा सेंटिमीटरपर्यंत आणि क्वचित त्याहूनही मोठा होतो, पण सर्रास मिळतो तो तळहातात मावेल एवढाच. खिडकीची सगळी रचना या आकाराने ठरवली आहे.

शिंपला गोल आणि खिडकी चौकोनी, त्यामुळे आधी कडा छाटून आयताकृती तुकडा करावा लागतो. गोलातून आयत काढला की हाती राहतो तो दोन-तीन इंच रुंदीचा तुकडा. एवढ्याशा तुकड्यांनी पुरुषभर उंचीची झडप भरायची तर झडपेचे अरुंद रकाने करायला हवेत. गोव्याच्या सुताराने तेच केलं. झडपेच्या चौकटीत वरपासून खालपर्यंत लाकडाच्या बारीक उभ्या पट्ट्या उभ्या केल्या. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना खाच पाडली, आणि समोरासमोरच्या दोन खाचांमध्ये शिंपल्याचे तुकडे एकावर एक सरकवत नेले. वरच्या तुकड्याची खालची कड खालच्या तुकड्यावर थोडी चढते, कौलं एकमेकांवर चढवतात तशी. पाणी वरून ओघळत खाली जातं, आत शिरायला त्याला सरळ वाट सापडत नाही.

सुताराचा कस या खाचेत लागतो. खाच उथळ झाली तर उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, दोन पट्ट्यांमधलं अंतर वाढतं आणि तुकडा निसटतो. खोल झाली तर शिंपल्याचा बराच भाग लाकडात लपतो, पट्टी कमजोर होते आणि खोलीत उजेड कमी येतो. खाच रुंदीला घट्ट झाली तर शिंपल्याचा नैसर्गिक बाक तिच्यात मावत नाही, कारण कुठलाही शिंपला काचेसारखा तंतोतंत सपाट नसतो, आणि तो सरकवतानाच कड उडते. फार ढिली झाली तर वाऱ्याबरोबर सगळी झडप खुळखुळते. रंधा आणि पटाशीने काम करणाऱ्या माणसाला हे माप शेकडो वेळा जमवायचं असे, एकाच खिडकीत.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या हवेत हे माप अधिकच अवघड. तिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लाकूड धाग्याच्या दिशेने लांबीला जवळजवळ बदलत नाही, आडव्या दिशेने मात्र ओल पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं. शिंपला तर मुळातच कॅल्साइटचा, म्हणजे दगडाच्या जातीचा. तो ओलीने फुगत नाही. फुगणाऱ्या वस्तूच्या कवेत न फुगणारी, पातळ, ठिसूळ वाटणारी वस्तू ठेवायची आणि दोघींनाही आपापल्या परीने वागू द्यायचं, असा हा प्रश्न आहे. बारीक पट्ट्या वापरण्यातलं शहाणपण इथे लक्षात येतं. रुंद फळी फुगली तर एका ठिकाणी मोठा रेटा येतो. बोटाएवढ्या पट्टीचं फुगणं तिच्या रुंदीएवढंच लहान असतं, आणि तेवढं तिच्याच खाचेतली मोकळी जागा रिचवून टाकते.

वाऱ्याचंही तसंच. सपाट तावदानावर वारा आदळला की ते मधोमध वाकतं, आणि हा ताण तावदानाच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी निम्मी केली की त्याच वाऱ्यात, त्याच जाडीच्या तावदानावर ताण चौथाई होतो. दोन-तीन इंचांच्या रकान्यात बसलेल्या शिंपल्याला म्हणूनच फारसं सोसावं लागत नाही. शिवाय तुकड्यांच्या चढलेल्या कडांमधून थोडी हवा आत-बाहेर करत राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक कमी होतो. या खिडकीतून हवा झिरपते हा दोष म्हणून सांगितला जातो. वातानुकूलित खोलीसाठी तो दोष खराच. ज्या घरासाठी ती खिडकी घडली, त्या घरात मात्र हवा खेळती राहणं ही गरजच होती.

शिंपल्याच्या अंगच्या गुणांबद्दल अलीकडे जे कळलं आहे, त्याने या कारागिरीबद्दलचा माझा आदर वाढला. २०१४ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी याच प्राण्याच्या कवचावरचा अभ्यास ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कवचात वजनाने सुमारे ९९ टक्के कॅल्साइट असतं, उरलेला अंश सेंद्रिय द्रव्याचा. दृश्य प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग त्यातून पार होतो. आणि टोकदार वस्तूने भोसकलं तर त्यातलं कॅल्साइट स्फटिकाच्या पातळीवर दुमडून आघात शोषून घेतं, नुसत्या कॅल्साइट खनिजाच्या सुमारे दसपट. इजा त्याच ठिकाणी थांबते, तडा सगळीकडे धावत नाही. काचेला गोटी लागली तर भेगा कडेपर्यंत पोहोचतात. शिंपल्याला भोक पडतं आणि उरलेला भाग आपल्या जागी राहतो. फिलिपिन्समधले कारागीर हेच शिंपले भिजवून कातरीने कापतात, तेही याच गुणामुळे जमत असणार. खाचेत सरकवताना कड जराशी दुखावली तरी सबंध तुकडा वाया जात नाही, ही सुताराला मिळालेली केवढी मोठी सवलत!

फ्रान्सचा प्रवासी फ्रांस्वा पिरार १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. तिथल्या घरांना काच नसून लाकडी चौकटीत पातळ, गुळगुळीत शिंपले बसवलेले असतात, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ही पद्धत गोव्यात चांगली रुळलेली होती. युरोपातून काच आणायची तर ती जहाजाच्या पोटात महिनोन् महिने हेलकावे खात येणार, फुटून येणार आणि वर महाग पडणार. शिंपले दाराशी होते. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या खिडक्यांपासून जमीनदारांच्या वाड्यांपर्यंत ते पोहोचले. मुंबईतही हीच चाल होती. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिथे राहिलेल्या जॉन हेन्री ग्रोजने मुंबईच्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांचं कौतुक केलं आहे: उजेड पुरेसा आत येतो, उन्हाची तिरीप बाहेर राहते आणि बघायलाही थंड वाटतं. मुंबईच्या कोटातली ती घरं गेली. आपल्याकडे आज ही तावदानं पाहायची तर गोव्याचीच वाट धरावी लागते. बार्देशात तोर्डा इथे वास्तुकार जेरार्ड द कुन्हा यांनी ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय उभं केलं आहे. गोव्याच्या घराचे दरवाजे, खिडक्या, सज्जे नीट समजून घ्यायचे तर तिथे एक दुपार जरूर घालवावी.

भारताबाहेर, मकावमधल्या मँडरिन्स हाउस या जुन्या घराच्या खिडक्यांतही हेच शिंपले आहेत. फिलिपिन्समध्ये तर त्यांनी नगरांचा चेहराच ठरवला. विगान शहरातल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या झडपा बिजागरीवर फिरत नाहीत, खाचेतून आडव्या सरकतात. सगळी भिंत एका बाजूला सारून मोकळी करता येते. तिथल्या सुताराने उभे रकाने न करता आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकोनी जाळी केली, दर चौकोनात एक शिंपला. जाळी दिसायला अधिक रेखीव आहे. माझं मन मात्र गोव्याच्या पद्धतीकडे झुकतं, कारण तिथे शिंपल्याला चारही बाजूंनी कोंडलेलं नाही. डावी-उजवीकडून त्याला लाकूड धरतं, वर-खाली त्याच्याच जातीचे शेजारी.

धरणं आणि जखडणं यांतला फरक किती महाग पडू शकतो, याचं विसाव्या शतकातलं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात घडलं. आय. एम. पेई यांच्या संस्थेतल्या हेन्री कॉब यांनी आराखडा केलेला जॉन हँकॉक टॉवर हा साठ मजली, २४१ मीटर उंचीचा, सर्वांगाने काचेचा मनोरा. त्याला १०,३४४ तावदानं होती. प्रत्येक सुमारे साडेचार फूट रुंद, साडेअकरा फूट उंच आणि सव्वादोनशे किलो वजनाचं. इमारत पुरी होण्याआधीच तावदानं तडकून पडू लागली. २० जानेवारी १९७३ च्या रात्री वादळात तर कितीतरी एकदम निखळली. रस्ते बंद करावे लागले, आणि मोकळ्या झालेल्या जागांवर प्लायवूड ठोकलं गेलं. संशय आधी वाऱ्यावर गेला, इमारतीच्या डोलण्यावर गेला. खरं कारण निघालं तावदानाच्या कडेशी. प्रत्येक तावदान दोन काचांचं होतं, मध्ये शिशाची पट्टी, आणि ती काचेवरच्या आरशासारख्या लेपाला डाख देऊन जोडलेली. हा जोड फार पक्का होता. उन्हाने आणि वाऱ्याने काच रोज जी थोडीशी हालचाल करते ती जोडाला झेपेना, तेव्हा तो सुटण्याऐवजी काचेचाच कपचा घेऊन येई आणि तिथून तडा सुरू होई. अखेर सगळीच्या सगळी तावदानं बदलून एकेरी, कठीण केलेली काच बसवावी लागली. इमारत १९७६ मध्ये खुली झाली. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

काच धरावी, जखडू नये, हे आज काच बसवणारा चांगला कारागीर नियमाने पाळतो. तीन मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट तापमानात ४० अंशांचा फरक पडला की पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते, तेवढीच काच जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून काच कधीही धातूला थेट टेकवायची नसते. खाली, दोन्ही टोकांपासून पाव-पाव अंतरावर, रबराचे ठोकळे ठेवून त्यांवर तिचं वजन घ्यायचं, चारही कडांना मोकळी जागा सोडायची आणि मग रबरी पट्टीने तिला धरायचं. घाईतल्या कामात ठोकळे गळतात, फट सिलिकॉनने ठासून भरली जाते, आणि वर्षभरात कोपऱ्यातून तडा जातो. आपल्याकडच्या नव्या इमारतींत हे वारंवार घडतं, आणि दोष काचेला दिला जातो.

गोव्यातही विसाव्या शतकात काच स्वस्त झाली आणि शिंपले मागे पडले. शिंपल्यांच्या खिडकीतून बाहेरचं दिसत नाही, ही अडचण होतीच. काही घरांत शिंपल्यांच्या ओळींमध्ये मुद्दाम काचेचे छोटे चौकोन बसवलेले दिसतात, रस्त्यावर नजर टाकता यावी म्हणून. पुढे सगळी झडपच काचेची झाली. आज जुन्या घराची डागडुजी करताना जुन्या झडपेतल्या पट्ट्या काढून अखंड काच घालण्याचा मोह होतो. त्यात एक साधा हिशेब राहून जातो. चार मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला दहा किलो. शिंपले याहून कितीतरी पातळ, म्हणून त्यांचं वजनही कितीतरी कमी. जुनी सागवानी झडप, तिचे कुसू आणि बिजागऱ्या हलक्या भारासाठी घडवलेल्या असतात. काच घातली की झडप लोंबते, खाली घासू लागते, आणि मग दोष जुन्या लाकडावर येतो.

शिंपले शिंपल्यांनीच बदलावेत, हे बोलायला सोपं आहे. आता हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तेव्हा खाडीत उतरून टोपलीभर गोळा करणं शक्य नाही, आणि ते व्हायलाही नको. नावशीला मरिना उभारायचा प्रस्ताव आला तेव्हा त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्थानिकांच्या बोलण्यात मासळीइतकाच या शिंपल्यांच्या वस्तीचाही उल्लेख होता. दुरुस्तीसाठी हाताशी राहतात ती जुन्या, पाडल्या गेलेल्या घरांतली तावदानं. घर पाडताना झडपा सरपणात जाऊ न देता पट्ट्यांसकट उतरवून ठेवल्या, तर एका झडपेतून दुसऱ्या खिडकीची डागडुजी होऊ शकते. तुकडे सरसाने चिकटवलेले नाहीत, म्हणूनच ते अखंड बाहेर काढता येतात. पण त्यांची रुंदी घरागणिक थोडी वेगळी असते. म्हणून दुरुस्ती हाती घेणाऱ्या सुताराने आधी हातातले तुकडे एकेक करून मोजावेत, सर्वांत अरुंद तुकडा दोन्ही खाचांत पुरेसा टेकेल असं रकान्याचं माप धरावं, आणि मगच नव्या पट्टीला रंधा लावावा.