मनोऱ्याचा मुलगा, कराचीची मोहीम

दरवर्षी ४ डिसेंबर हा दिवस नौदल दिन म्हणून साजरा केला जातो. १९७१ साली याच तारखेच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला चढवला होता, हे सर्वश्रुत आहे. मात्र ज्या नौदलप्रमुखांनी या हल्ल्याचा आग्रह धरला, त्यांचे बालपण त्याच बंदराच्या मुखाशी गेले होते, ही गोष्ट तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे. ॲडमिरल सरदारीलाल मथ्रादास नंदा यांची कारकीर्द समजून घेतली, की १९७१ च्या सागरी विजयामागची कारणेही उलगडत जातात.

मनोऱ्यावरील दिवस

नंदा यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१५ चा, पंजाबी कुटुंबातील. त्यांचे बालपण मात्र मनोरा येथे गेले. कराची बंदराच्या प्रवेशमार्गावर असलेल्या या छोट्याशा भूभागावर दीपगृह आहे, आणि बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक जहाज त्याच्यासमोरूनच जाते. भरती-ओहोटी, गोद्या, धक्के आणि केमारीचा किनारा हा या मुलाच्या रोजच्या पाहण्यातला परिसर होता.

त्या काळी मुंबई आणि कराची ही एकाच मुंबई इलाख्यातील दोन बंदरे होती. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध प्रांत इलाख्यातून वेगळा झाला, तोपर्यंत कराचीचा कारभार मुंबईहूनच चालत असे. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे. पुढे हीच दोन शहरे शत्रुराष्ट्रांची प्रमुख नाविक ठाणी होतील, अशी कल्पनाही त्या वेळी कोणी केली नसेल.

दुसऱ्या महायुद्धाने दार उघडले

ब्रिटिशांच्या नौदलात भारतीयांना अधिकारीपद मिळणे फार अवघड होते. दुसरे महायुद्ध पेटल्यानंतर मनुष्यबळाची चणचण भासू लागली आणि ही दारे किलकिली झाली. नंदा १९४१ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीच्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाले. युद्धापुरती वाटणारी ही नोकरी तीन दशकांहून अधिक काळ चालली.

१९४७ च्या फाळणीत नौदलाचेही दोन तुकडे झाले. सहा स्लूप युद्धनौकांपैकी चार भारताकडे, तर दोन पाकिस्तानकडे गेल्या. कराचीतील महत्त्वाच्या प्रशिक्षण संस्थाही पाकिस्तानच्या वाट्याला आल्या. नंदा यांच्यासाठी कराची आता परदेश ठरली होती.

स्वतंत्र भारताच्या नौदलात त्यांची चढण जलद होती. २९ ऑगस्ट १९५७ रोजी 'म्हैसूर' ही क्रूझर नौदलात सामील झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान नंदा होते. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या माझगाव गोदीची सूत्रे त्यांच्याकडे आली. परदेशातून जुन्या युद्धनौका विकत घेण्याऐवजी त्या देशातच बांधाव्यात, हा विचार तेथे आकार घेत होता. याच गोदीत बांधलेली 'निलगिरी' ही फ्रिगेट जून १९७२ मध्ये, नंदा नौदलप्रमुख असतानाच, सेवेत दाखल झाली.

१९६५ ची सल

१९६५ च्या युद्धात भारतीय नौदलाला जवळपास प्रेक्षकाची भूमिका मिळाली. पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जाऊ नये, असे सरकारचे निर्देश होते. ७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफगोळे डागले. हानी किरकोळ होती. परंतु प्रत्युत्तर देता आले नाही, याची सल नौदलाच्या मनात राहिली.

नंदा १ मार्च १९७० रोजी नौदलप्रमुख झाले, तेव्हा ही सल त्यांच्यासोबत होती. १९७१ मध्ये युद्धाची चिन्हे दिसू लागताच त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट घेतली. नौदलाने कराचीवर हल्ला केल्यास सरकारला राजकीयदृष्ट्या अडचण होईल का, असा त्यांचा थेट प्रश्न होता. युद्ध झालेच, तर ते युद्धच असेल, अशा आशयाचे उत्तर मिळाले. १९६५ चे बंधन पुन्हा येणार नाही, हे नंदा यांना पुरेसे स्पष्ट झाले.

कराचीच का?

पाकिस्तानच्या नौदलाचे मुख्यालय, व्यापारी जहाजांची प्रमुख गोदी आणि इंधनाचे मोठे साठे, हे सर्व कराचीत एकवटलेले होते. केमारीच्या तेलटाक्या पेटल्या, तर आघात थेट युद्ध चालवण्याच्या क्षमतेवर होणार होता.

प्रश्न साधनांचा होता. सोव्हिएत रशियाकडून भारताला ओसा वर्गाच्या आठ क्षेपणास्त्र नौका मिळाल्या होत्या. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या नौकांनी याच प्रकारच्या क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'ऐलात' ही विनाशिका बुडवली होती. परंतु या लहान नौका स्वतःच्या किनाऱ्याच्या संरक्षणासाठी बनवलेल्या होत्या. त्यांचा पल्ला कमी आणि विमानांपासून बचावाची साधने तुटपुंजी होती.

उत्तर एका अडचणीतूनच सापडले. या नौका उतरवण्याइतकी जड क्रेन मुंबईत नसल्याने त्या कोलकात्यात उतरवून ओढत मुंबईला आणाव्या लागल्या होत्या. एवढे अंतर त्या ओढून आणता येतात, तर कराचीच्या वाटेवरही नेता येतील, असा विचार पुढे आला. पाकिस्तानी हवाई दलाची रात्रीच्या हल्ल्याची क्षमता मर्यादित होती. त्यामुळे दिवसा त्यांच्या विमानांच्या टप्प्याबाहेर थांबायचे, अंधार पडताच वेगाने पुढे जायचे, क्षेपणास्त्रे डागायची आणि उजाडण्यापूर्वी परतायचे, असा बेत ठरला. यात धोका उघड होता. दिवसाउजेडी गाठल्या गेल्या असत्या, तर या नौकांना वाचवणे कठीण होते.

४ डिसेंबरची रात्र

'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौकांसोबत 'किल्तान' आणि 'कच्छल' या युद्धनौका होत्या. 'ऑपरेशन ट्रायडंट' नावाच्या या मोहिमेत क्षेपणास्त्र नौकांचे नेतृत्व कमांडर बबरूभान यादव यांच्याकडे होते. रशियात प्रशिक्षण घेतलेले अधिकारी बिनतारी यंत्रावर रशियन भाषेत बोलत, जेणेकरून ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हावा. 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंगविरोधी नौका बुडाली. 'खैबर'वरच दोनशेहून अधिक पाकिस्तानी नौसैनिक मृत्युमुखी पडले. भारताची एकही नौका गमावली गेली नाही.

चार दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री 'विनाश' या एकट्या क्षेपणास्त्र नौकेने 'तलवार' आणि 'त्रिशूल' या फ्रिगेटच्या साथीने दुसरा हल्ला केला. 'ऑपरेशन पायथन' या हल्ल्यात केमारीच्या टाक्यांना मोठी आग लागली.

विजयाची किंमतही नौदलाने मोजली. ९ डिसेंबर रोजी पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. सागरी युद्धात पुढाकार घेणे म्हणजे हानीची शक्यता पत्करणे, हे या घटनेने अधोरेखित केले.

पूर्व आघाडीवरही नंदा यांनी असाच धोका पत्करला. बाष्पकात तडा गेल्याने विमानवाहू 'विक्रांत'चा वेग घटला होता. तिला बंदरातच ठेवावे, असेही मत होते. नंदा यांनी ती बंगालच्या उपसागरात उतरवली. तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार येथे हल्ले केले, आणि पूर्व पाकिस्तानची समुद्रमार्गे सुटकेची वाट बंद झाली.

निवृत्ती आणि त्यानंतर

१९७२ मध्ये नंदा यांना पद्मविभूषणने गौरवण्यात आले. फेब्रुवारी १९७३ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय नौवहन महामंडळाची धुरा सांभाळली. २००४ मध्ये त्यांचे 'द मॅन हू बॉम्ब्ड कराची' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. शीर्षक काहीसे फसवे आहे. क्षेपणास्त्रे डागणारे हात यादव यांच्या ताफ्यातील तरुणांचे होते, आणि मुंबईतून मोहिमेची सूत्रे व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांच्याकडे होती. नंदा यांचे श्रेय त्याआधीच्या निर्णयांत आहे: सरकारची संमती मिळवणे, किनारा राखण्यासाठीच्या नौका शत्रूच्या दारात पाठवण्याची जोखीम घेणे आणि अपयश आल्यास जबाबदारी स्वीकारण्याची तयारी ठेवणे.

११ मे २००९ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या बंदराच्या जहाजांनी त्यांना समुद्राची ओळख करून दिली, त्या बंदरावरील हल्ल्याचा दिवसच आज भारतीय नौदलाचा दिन आहे.