लिनक्सच्या संगणकावर प्रिंटर बसविताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबविली. दुकानातला सात-आठ वर्षांचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही आणि निव्वळ बिले करण्यासाठी नवा घेणे परवडत नाही, अशा पेचात सापडलेल्या व्यापाऱ्यांना उबुंटू, मिंट, डेबियन या लिनक्सच्या मोफत प्रणालींचा पर्याय सुचविला जातो. पर्याय चांगला आहे. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट यांत फारशी अडचण येत नाही. गाडी अडते ती प्रिंटरपाशी. गिऱ्हाईक काउंटरवर उभे, टेम्पोवाला बिलासाठी खोळंबलेला, आणि प्रिंटर मात्र मुका! अशा वेळी दुकानदार संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन लावतो, आणि तो बहुधा विंडोजचाच जाणकार निघतो. म्हणून ही माहिती मालकाला स्वतःला असलेली बरी.

गंमत अशी की, मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे एका प्रिंटरचीच तक्रार आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती की, कागद अडकताच काम पाठविणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप येई. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमची मूळ प्रतच त्यांना मिळाली नाही, त्यामुळे ती सोय करता आली नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

लिनक्समध्ये छपाईचे काम ‘कप्स’ नावाची व्यवस्था पाहते. मायकेल स्वीट यांनी ती १९९९ मध्ये प्रथम बाहेर आणली. ॲपलनेही तीच आपल्या मॅक संगणकांत घेतली. कप्सचा स्वतःचा कारभार ब्राउझरमधून पाहता येतो. पत्त्याच्या जागी रोमन लिपीत ‘लोकलहोस्ट’ हा शब्द, त्यापुढे दोन टिंबांचे चिन्ह आणि ६३१ हा आकडा टाइप केला की पान उघडते. नाव आणि पासवर्ड विचारल्यास संगणकात शिरतानाचेच द्यावेत. हे पान इंटरनेटवरचे नव्हे, आपल्याच संगणकातले आहे. जोडणी नसली तरी उघडते.

आधी तपासा, मग बसवा

लिनक्स बसविण्याआधी ते पेनड्राइव्हवरून तात्पुरते चालविता येते. त्यात हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. तेवढ्यातच प्रिंटर जोडावा आणि चाचणीचे एक पान काढून पाहावे. हा अर्धा तास वाचविणारे पुढे चार दिवस घालवितात.

नव्या प्रिंटरांची स्थिती समाधानकारक आहे. खोक्यावर ‘एअरप्रिंट’ किंवा ‘मोप्रिया’ असे लिहिलेले असेल तर बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वाय-फायवर असा प्रिंटर लिनक्सला आपोआप दिसतो. यूएसबी वायरने जोडला तरी हीच सोय डेबियनमध्ये २०२१ च्या ११व्या आवृत्तीपासून आली आहे. एपसनच्या शाईच्या टाकीवाल्या अनेक मॉडेलांचा ड्रायव्हर उबुंटू-डेबियनच्या भांडारातच असतो. ब्रदर कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर देते.

डोकेदुखी आहे ती जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या लेसर प्रिंटरांची. एचपी लेसरजेट १०२० चेच पाहा. हा प्रिंटर स्वतःला चालविणारा प्रोग्रॅम जवळ ठेवत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने तो पाठवावा लागतो. त्यासाठी एचपीच्या ‘एचपीएलआयपी’ या सॉफ्टवेअरबरोबर एक जादा प्लगइन उतरवून घ्यावे लागते. आणि इथेच मेख आहे. प्रणाली अद्ययावत झाली, एचपीएलआयपीची आवृत्ती बदलली, पण प्लगइन जुनेच राहिले, की काल चालणारा प्रिंटर आज गप्प! टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा देऊन नव्या आवृत्तीचे प्लगइन घेतले की तो बोलू लागतो. (या लेखातील सर्व आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करावयाच्या आहेत.) कॅननचा एलबीपी २९०० हा दणकट प्रिंटर, पण त्याची भाषा कंपनीची खासगी असल्याने लिनक्सवर तो बसविणे कटकटीचे आहे. असा सेकंडहँड प्रिंटर लिनक्ससाठी मुद्दाम विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छपाई थांबली तर

बिघाड शोधताना क्रम महत्त्वाचा. प्रथम टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत प्रिंटरचे नाव नसेल तर दोष वायरीचा, खाचेचा किंवा प्रिंटरच्या विजेचा आहे. लिनक्सला बोल लावण्यात अर्थ नाही. नाव असेल तर ‘एलपीस्टॅट -टी’ ही आज्ञा द्यावी. कोणता प्रिंटर चालू, कोणता थांबलेला, रांगेत कोणती कामे अडकली, हे सारे त्यात दिसते.

नेहमी आढळणारा प्रकार असा. वीज गेली, किंवा वायर निघाली. कप्सने काम पाठवून पाहिले, जमले नाही, आणि प्रिंटर ‘थांबलेला’ अशी नोंद केली. मग वीज आली, वायर लागली, तरी ती नोंद तशीच राहते! माणूस पुन्हा पुन्हा प्रिंटचे बटण दाबतो आणि रांगेत एकाच बिलाच्या दहा प्रती साठतात. कप्सच्या पानावर प्रिंटरच्या नावावर जाऊन ‘मेंटेनन्स’च्या यादीतून ‘रिझ्यूम प्रिंटर’ निवडावे. त्याआधी जादा कामे रद्द करावीत, नाही तर दहाही प्रती छापून निघतील. वीज वारंवार जात असेल तेथे याच प्रिंटरच्या धोरणात ‘एरर पॉलिसी’ बदलून ‘रिट्राय-जॉब’ करून ठेवावी. मग कप्स स्वतःच थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करीत राहते.

दुसरा प्रकार कागदाच्या मापाचा. अनेक प्रोग्रॅम अमेरिकन ‘लेटर’ माप धरून चालतात. ते २१६ बाय २७९ मिलिमीटर, तर आपला ए-४ हा २१० बाय २९७. ट्रेमध्ये ए-४ असतो, प्रिंटर लेटरची वाट पाहत दिवा लुकलुकवतो, आणि आपण समजतो की तो बिघडला. प्रिंटरच्या ठरीव पर्यायांत एकदा ए-४ करून टाकावे, आणि बिलाच्या प्रोग्रॅममध्येही.

वाय-फायचा प्रिंटर आठवडाभर चालून अचानक सापडेनासा झाला, तर राउटरने त्याला नवा पत्ता दिला असण्याचा संभव मोठा. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. ‘फिल्टर फेल्ड’ असा निरोप आला तर बहुधा ड्रायव्हर अपुरा किंवा चुकीचा असतो. यापलीकडचे काही असेल तर ‘व्हार’, त्यात ‘लॉग’, त्यात ‘कप्स’ या फोल्डरातील ‘एरर_लॉग’ ही नोंदवही पाहावी. तिच्या शेवटच्या वीस ओळींचा फोटो जाणकाराला पाठविला तर त्याचे निम्मे काम होते. नुसते “प्रिंटर चालत नाही” एवढे सांगून कोणी काय करणार?

डॉट मॅट्रिक्स आणि आपली लिपी

जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाचे बिल तीन प्रतींत लागते: मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विक्रेत्याकडे. कार्बनच्या कागदावर एका फटक्यात तीन प्रती काढणारा डॉट मॅट्रिक्स म्हणूनच अजून निवृत्त झालेला नाही. कप्समध्ये एपसनच्या ९ पिनी आणि २४ पिनी प्रिंटरांसाठी साधे ड्रायव्हर आहेत, आणि एपसनची भाषा समजणारे इतर कंपन्यांचे प्रिंटरही त्यांवर चालतात. अडचण येते सलग कागदाची. कागद १२ इंच लांब आणि ड्रायव्हरमध्ये ए-४, म्हणजे ११.६९ इंच, तर प्रत्येक बिल थोडे वर सरकते आणि तीन बिलांनंतर जवळजवळ एक इंचाचा फरक पडतो. कागद फुटपट्टीने मोजून तेच माप भरावे.

शिवाय हे यंत्र वेगाने छापते ते आपल्या पोटातली इंग्रजी अक्षरे. मराठी किंवा उर्दू मजकूर त्याला चित्र म्हणून ठिपक्या-ठिपक्यांनी काढावा लागतो, त्यामुळे वेळ लागतो आणि रिबनही लवकर झिजते. गर्दीच्या दिवसांत दुकानाचे नाव-पत्ता आधीच छापलेल्या कागदावर फक्त आकडे काढावेत, हे उत्तम. पावतीच्या छोट्या थर्मल प्रिंटरांनाही हीच युक्ती लागू आहे.

लग्नपत्रिकांचे काम करणाऱ्या कारागिरांसाठी वेगळी सूचना. लिब्रेऑफिसमध्ये ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मोफत टाइप वापरून उर्दू मजकूर नीट जुळविता येतो. परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करण्यास विसरू नये. थेट छापण्याऐवजी आधी पीडीएफ करावी, म्हणजे टाइप तिच्यातच बांधला जातो. पडद्यावर जोडाक्षरे व नुक्ते ठीक पण कागदावर तुटलेले दिसले, तर ‘ऑक्युलर’ या वाचकातून छापताना ‘फोर्स रास्टरायझेशन’ हा पर्याय निवडावा. पान चित्र म्हणून जाते आणि अक्षरे जशीच्या तशी उतरतात.

एक सावधगिरी. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कप्स-ब्राउझ्ड’ या जोडप्रोग्रॅममध्ये गंभीर त्रुटी उघड झाल्या. खोटा प्रिंटर दाखवून संगणकात घुसण्याची वाट त्यांतून मोकळी होत होती. दुरुस्ती लगेच आली, पण ती प्रणाली अद्ययावत करणाऱ्यालाच मिळते. बाजारात शेजारच्या चार दुकानांना वाय-फायचा पासवर्ड देण्याची पद्धत आहे, तेथे तर हे काम दर आठवड्याला, दुकान बंद करण्याच्या वेळी करावे. सकाळी गिऱ्हाइकाच्या तोंडावर नको, कारण वर सांगितलेली प्लगइनची मेख नेमकी तेव्हाच निघते.