हवेच्या व निर्वाताच्या नळ्या बदलताना

ट्रॅक्टरपाठोपाठ अनेक शेतकऱ्यांच्या घरी हवेचा कॉम्प्रेसर आला, आणि संकरित गाईंच्या गोठ्यात दूध काढण्याचे यंत्रही आले. दोहोंनाही रबरी नळ्या लागतात. बाहेरून त्या सारख्याच दिसत असल्याने एक फाटली की हाताशी असलेला दुसरीचा तुकडा कापून बसविला जातो. हा प्रघात सोडणे इष्ट होय.

कॉम्प्रेसरच्या नळीत हवा आतून बाहेर रेटते. तो रेटा रबरात विणलेले धाग्याचे जाळे सोसते. निर्वाताच्या नळीची गोष्ट उलट आहे. तेथे बाहेरची हवा नळीला आत दाबते. हा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोपेक्षा अधिक कधीच नसतो. तरीही १० किलो दाब सोसणारी पातळ नळी तेथे चपटी होऊ शकते. दोराने ओढता येते, ढकलता येत नाही; धाग्याच्या जाळ्याचेही तसेच आहे. म्हणून निर्वातासाठी जाड भिंतीची किंवा आत तारेचे वेटोळे असलेली नळी घ्यावी. मात्र तारेची नळी एकदा चाकाखाली चेपली की तार पूर्ववत होत नाही व मार्ग कायमचा अरुंद राहतो.

दूधयंत्रात निर्वात सामान्यतः पाऱ्याच्या ३२० ते ३८० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. नळी चपटी झाली वा सांध्यातून हवा शिरली तर तो स्थिर राहत नाही. सडावरील पेला घसरतो, दूध कासेत राहते, आणि आत घुसलेल्या हवेच्या झोताबरोबर जंतू सडात जाऊन काससुजीचा धोका वाढतो. शंभर-दोनशे रुपये वाचविताना गाय गमावण्याची पाळी येऊ नये! दूध वाहणारी नळी तर खाद्यपदार्थांस योग्य अशीच हवी.

कॉम्प्रेसरसाठी नळी घेताना तिच्यावर छापलेला कामाचा दाब वाचावा. नळी फुटण्याचा दाब बहुधा त्याच्या चौपट असतो. दुकानदार सांगतो तो आकडा कोणता, हे विचारून घ्यावे. छाप नसलेली नळी घेऊ नये. कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतो. त्याने साधे रबर फुगते, नायट्राइल रबर टिकते. बागेला पाणी देण्याची प्लास्टिक नळी उष्णतेने मऊ पडते. पाण्याचा कडक पीव्हीसी पाइप तर हवेसाठी कदापि वापरू नये. तो फुटला की त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

माप आतल्या व्यासाचे घ्यावे. जुन्या नळीचे टोक ताणलेले असते, तेव्हा ते टोक न मोजता मधला भाग कापून मोजावा. व्यास निम्मा झाला तर हवेचा मार्ग चौथाई उरतो.

टोकावर तार गुंडाळल्यास ती रबरात रुतते; त्याऐवजी योग्य मापाची क्लिप आवळावी. त्यापूर्वी टाकीतील हवा पूर्ण सोडावी. नंतर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. कॉम्प्रेसरच्या नळीवर गळतीच्या जागी बुडबुडे येतात. निर्वाताच्या नळीवर मात्र फेस आत ओढला जातो.