पंचवीस हजार छायाचित्रं आणि एक आई

बालीतल्या बायुंग गेडे या डोंगराळ गावातलं एक अंगण. आई बाळाला डिवचते, गुदगुल्या करते, हसवते. बाळ चेकाळून तिच्या अंगावर झेपावतं आणि नेमकी तेव्हाच तिची नजर भलतीकडे वळते. चेहरा कोरा. बाळ रडकुंडीला येतं. शेजारी उभं राहून पाहणाऱ्याच्या ध्यानात यातलं निम्मंसुद्धा राहायचं नाही. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसनने असे प्रसंग लायका कॅमेऱ्याने एकामागून एक टिपले. त्याची सहकारी मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड बाजूला वही घेऊन बसे आणि घड्याळाची वेळ घालून टिपणं लिही. बालीनीज भाषेतली टिपणं मदतनीस मादे कालेर करी.

1936 साली दोघांनी बालीला जाता जाता सिंगापुरात लग्न उरकलं आणि कामाला लागले. अंदाज होता दोनेक हजार छायाचित्रांचा. झाली सुमारे पंचवीस हजार. शिवाय सोळा मिलिमीटरची बावीस हजार फूट फिल्म. या कामाच्या पैशाचा काही भाग स्किझोफ्रेनियावरच्या संशोधनासाठीचा होता, हे विसरून चालणार नाही, कारण त्यांचा शोधही मनाच्या अलिप्ततेकडेच वळला. मोठेपणी बालीनीज माणूस भावनेच्या ऐन भरात अलिप्त का होतो, याचं मूळ त्यांना आईच्या त्या वळलेल्या नजरेत दिसलं. 1942च्या ‘बालीनीज कॅरेक्टर’मध्ये त्यांनी 759 छायाचित्रं छापली, प्रत्येक मालिकेला सविस्तर टिपण जोडून. टिपण झाकून ती चित्रं पाहावीत. आईचं लक्ष कुणा शेजारणीने वेधलं असेल, असंही वाटू शकतं.

‘ट्रान्स अँड डान्स इन बाली’ या त्यांच्या फिल्मची गोष्ट याहून गमतीची. चेटकिणीशी झुंजताना अंगात आलेली माणसं स्वतःच्याच छातीवर क्रिस (खंजीर) रोखतात, तो हा नाच. रात्रीच्या खेळात त्यात म्हाताऱ्या बायका असत. चित्रीकरण दिवसा, पैसे मोजून ठरवलेलं. तेव्हा खेळ जमवणाऱ्याने परस्पर तरण्या, देखण्या मुली उभ्या केल्या. कॅमेऱ्यापुढे काय शोभतं, हे त्यालाही कळत होतं! माझ्या मते हा बदलच त्या फिल्ममधला अभ्यासण्यासारखा वर्तनाचा नमुना आहे. पण नुसता पडदा पाहून तो कुणाला कळणार?

घटस्फोटानंतर पाव शतकाने, 1976 साली, छापून आलेल्या एका संभाषणात दोघं कॅमेरा वापरावा कसा, याच मुद्द्यावर भांडली. मीडचं म्हणणं, कॅमेरा तिवईवर लावा आणि चालू द्या. म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला नवा सिद्धांत तपासायचा झाला, तर सामग्री शाबूत राहील. बेटसनला ते पटेना. तिवईवरच्या कॅमेऱ्याला दिसतंच काय? टिपणाऱ्याने हलायला हवं, निवडायला हवं. ती कलाच आहे. दोघांपैकी बेटसनचं मला जास्त पटतं, पण मीडचा हट्ट वाया गेला नाही; निष्कर्ष पुन्हा तपासणारे पुढे आलेच.

1992 साली बालीच्याच मानसोपचारतज्ज्ञ लुह केतुत सुर्यानी यांनी गॉर्डन जेन्सन यांच्यासोबत पुस्तक लिहून त्या दोघांचे बालीनीज स्वभावाबद्दलचे निष्कर्ष खोडून काढले. परक्या माणसांनी वही-कॅमेरा घेऊन अंगणात ठाण मांडल्यावर गावकरी कसे वागतील, हा प्रश्नही त्यातून पुढे आला.