पन्नास ढोल आणि एक लॅपटॉप

गणपतीच्या आधीच्या दिवसांत संध्याकाळी पुण्यात म्हात्रे पुलाच्या आसपास गेलात, तर नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकू येतो. ऐकू येतो म्हणणं कमीच, तो बरगड्यांत जाणवतो. आता समजा, जवळच कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये कुणी मुलगी लॅपटॉपवर गाणं रचते आहे आणि तिला असाच पन्नास ढोलांचा ठेका हवा आहे. तिच्याकडे आहे एक ढोल, एक ताशा, एक माइक. एका ढोलाचे पन्नास होतील?

आधी एकाच ठोक्याचं पाहू. टिपरू ढोलाच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, पडतं. पान आत-बाहेर होतं, हवा ढकलतं, त्या हवेने माइकचा पडदा थरथरतो. ही थरथर यंत्र मोजतं. किती वेळा? सेकंदाला ४४,१०० वेळा! अर्ध्या सेकंदाचा ठोका म्हणजे २२,०५० आकड्यांची रांग. त्यात पान नाही, दोरी नाही, वादकाचा घाम नाही. तरी तेच आकडे त्याच क्रमाने स्पीकरला द्या, समोर ढोल वाजतो. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ हे यंत्र आलं, खऱ्या ड्रमचे असे साठवलेले आवाज वाजवणारं पहिलं ड्रम मशीन. आज ते काम कुठलाही साधा लॅपटॉप करतो आणि आपण दचकतही नाही!

आता लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारं आवर्तन. मिनिटाला १२० ठोके अशी लय धरली, तर चार ठोक्यांचं आवर्तन बरोबर दोन सेकंदांचं, ८८,२०० आकड्यांचं. तिथेच कापायचं आणि शेवट सुरुवातीला जोडायचा. सोपं वाटतं ना? पण शेवटचा ठोका तोवर विरलेला नसतो. त्याचा घुमारा अर्ध्यात तुटतो आणि दर फेरीला सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो. बांगडीचा सांधा बोटाला लागावा, तसा तो कानाला लागतो.

यावरचा उपाय मला फार आवडतो. तोच ठेका दोनदा वाजवून घ्यायचा आणि दुसरं आवर्तन कापून ठेवायचं. का? दुसऱ्याच्या सुरुवातीला पहिल्याच्या शेवटाचा घुमारा आधीच मिसळलेला असतो. म्हणजे हा लूप सुरू होतो तेव्हाच त्याच्या समेवर मागच्या फेरीची आठवण असते. मग तो कितीही फिरू द्या, सांधा सापडत नाही.

ताशाचं वेगळंच. दोन बारीक काड्या इतक्या भरभर पडतात, की एकच साठवलेला ठोका तितक्या वेगाने वाजवला तर शिलाई मशीन चालू झालंसं वाटतं. ताशेवाल्याचा उजवा आणि डावा हात कधीच अगदी सारखे वाजत नाहीत, आणि एकाच हाताचे दोन ठोकेही नाहीत. म्हणून दोन्ही हातांचे हलके, मध्यम, जोरकस असे पुष्कळ ठोके वेगवेगळे टिपावे लागतात आणि यंत्राने ते आलटून पालटून वाजवावे लागतात.

आणि ते पन्नास ढोल? एका ढोलाच्या पन्नास नकला एकावर एक ठेवून पाहा. आवाज तब्बल ३४ डेसिबलने वाढतो आणि ऐकू येतो... एकच ढोल! नुसता मोठा. आवाजाचं बटण वर केलं असतं तरी हेच मिळालं असतं. हुबेहूब नकलांतून गर्दी तयारच होत नाही.

मग प्रत्येक नक्कल थोडी बिघडवायची. एखादी पाच मिलिसेकंद उशिरा, एखादी बारा. एकीचा सूर किंचित चढा, एकीचा उतरा, कारण खऱ्या पथकातही प्रत्येक पान वेगळं ताणलेलं असतं. सेकंदाला ८० आणि ८२ कंपनांचे दोन सूर एकत्र आले, की सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. अशा कितीतरी जोड्या मिळून ते घुमणं तयार होतं. आता आवाज साधारण १७ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे मघाच्या ३४ च्या निम्माच, पण खोलीत पथक उभं राहतं! कान इतक्या थोड्या अंतराने आलेले ठोके सुटे मोजत नाही, ते एकत्र करून एकच रुंद, भरघोस ठोका ऐकतो.

हा उशीर किती ठेवायचा? सॉफ्टवेअरमध्ये तो अंदाधुंद वाटून देणारी सोय असते. माझ्या मते तिथे थांबू नये, कारण रस्त्यावरचा उशीर अंदाधुंद नसतो. तो अंतरातून येतो. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. दहा रांगा, दोन रांगांत दोन मीटर, म्हणजे पहिली ते शेवटची रांग १८ मीटर. सगळ्यांनी पुढच्या ताशेवाल्याच्या हाताकडे बघून एकदम ठोका दिला, तरी पुढे उभ्या माणसाला शेवटची रांग पन्नासेक मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. आणि मागच्यांनी बघण्याऐवजी पुढच्यांचा आवाज ऐकून त्याबरोबर ठोका दिला तर? पुढच्या माणसासाठी तो उशीर दुप्पट होतो. पथकाच्या मागे उभ्या माणसासाठी मात्र तो नाहीसाच होतो! पुढचा आवाज ज्या क्षणी एखाद्या रांगेपाशी पोचतो, त्याच क्षणी ती रांग वाजते. असे दहाही रांगांचे ठोके एकाच लाटेवर बसून त्याच्यापर्यंत येतात.

म्हणजे पुण्यातल्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर एकाच वेळी, एकाच पथकाचे, दोन टोकांना दोन वेगळे ठेके ऐकू येऊ शकतात. कोथरूडच्या त्या मुलीला आता एवढंच ठरवायचं आहे, की ऐकणाऱ्याला उभं कुठे करायचं.